उसने हात

मानेखालचं शरीर लुळं पडलेला एक तरुण व्हीलचेअरवर बसलेला असतो. लेसरचा ठिपका तो तोंडाने फ्रिजच्या दारावर नेतो. जेमतेम तीन किलोचं एक तपकिरी माकड तिकडे झेपावतं, दार ओढतं, बाटली काढतं, झाकण फिरवून उघडतं, आत स्ट्रॉ खोचतं आणि बाटली त्याच्या तोंडासमोरच्या स्टँडमध्ये ठेवतं. असे जुने व्हिडिओ अधूनमधून पुन्हा फिरू लागतात आणि तोच वाद नव्याने पेटतो. एक गट म्हणतो, माणसापेक्षा माकड बरं; कुणाला लगेच रामाची वानरसेना आठवते. दुसरा गट म्हणतो, ही मुक्या जिवाची वेठबिगारी आहे, शिकवणाऱ्यांना तुरुंगात टाका. तिसरा माहितगाराच्या सुरात सांगून मोकळा होतो, की अमेरिकेने यावर केव्हाच बंदी घातली, आता बोलायचं काय? या सगळ्या बोलण्यात ज्याला तहान लागली होती त्याचा उल्लेखही नसतो.

माझी बाजू सुरुवातीलाच मांडतो. माकडांना या कामासाठी तयार करणं थांबलं ते योग्यच झालं. कितीही मायेने शिकवलं तरी माकड घरगुती प्राणी होत नाही, आणि मानेखाली हालचाल नसलेल्या माणसाच्या घरात तर ते सर्वांत धोक्याचं. पण हे काम करणारे लोक क्रूर नव्हते. त्यांनी ओळखलेली गरज पूर्ण खरी होती, आणि माकडं सुटली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांच्या अंगावर आता ती गरज भागवण्याची जबाबदारी आहे. ती कुणी घेतली, हे विचारल्याशिवाय या वादात बाजू घेण्याला अर्थ नाही.

आधी काम काय होतं ते नीट पाहू, कारण दोन्ही बाजू व्हिडिओपलीकडे जात नाहीत. १९७९ मध्ये बॉस्टन शहरात मेरी जोन विलर्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा प्रयोग सुरू केला. वर्तनशास्त्रातले दिग्गज बी. एफ. स्किनर यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं आणि टफ्ट्स विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण त्या पाहत होत्या. मोटार अपघातात मानेखालची हालचाल गेलेल्या एका गृहस्थांकडे हेलियन नावाची पहिली माकडीण गेली, आणि त्यातून 'हेल्पिंग हँड्स' ही संस्था उभी राहिली. जात निवडली ती टफ्टेड कॅपुचिन, मूळची दक्षिण अमेरिकेतली. वजन दोन ते चार किलो, बोटं चपळ, आणि वस्तू हाताळण्याची हौस उपजत. ब्राझीलमधल्या सेरा दा कापिव्हारा भागात त्यांचे भाऊबंद दगडाच्या ऐरणीवर दगडाच्याच हातोड्याने कठीण कवचाची फळं फोडतात, आणि तिथल्या उत्खननात त्यांची सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची दगडी अवजारं सापडली आहेत. शिवाय पिंजऱ्यात, नीट निगा असेल तर, हे माकड चाळीस वर्षंही जगतं. सहायक कुत्रा साधारण आठ-दहा वर्षं काम करून थकतो. दर दहा वर्षांनी सोबती गमावण्यापेक्षा आयुष्यभराची साथ मिळावी, हा त्यामागचा विचार होता, आणि तो उथळ नव्हता.

पिल्लू लहान असतानाच आईपासून वेगळं करून स्वयंसेवक कुटुंबात वाढवलं जाई. तिथे काही वर्षं माणसांची, भांड्यांची, टीव्हीच्या आवाजाची सवय करायची, रात्री पिंजऱ्यात झोपायला शिकवायचं. मग बॉस्टनच्या केंद्रात दोन-चार वर्षांचं शिक्षण. सुरुवात लहानशा, जवळजवळ रिकाम्या खोलीतून होई, कारण या जातीचं लक्ष उडवायला एक चकचकीत चमचा पुरतो. त्या खोलीत पक्कं झालेलं काम मग सामान असलेल्या खोलीत, आणि शेवटी स्वयंपाकघर, पलंग, व्हीलचेअर असलेल्या पूर्ण घरासारख्या जागेत पुन्हा शिकवायचं. जागा बदलली की शिकलेलं अर्धं विसरतं, म्हणून हे टप्पे टाळता येत नाहीत. बक्षीस म्हणजे पीनट बटरचं एक बोट किंवा तसंच काही. ते क्षणात मिळालं पाहिजे. काम झाल्यावर चार-पाच सेकंद उशीर झाला आणि मधल्या वेळात माकडाने खुर्चीचं चाक चावलं, तर बक्षीस चाक चावण्याचं ठरतं. बक्षीस मोठं झालं तर पोट भरतं आणि धडा तिथेच संपतो. घरातला दुसरा कुणी लाडाने फुकट खाऊ देऊ लागला की आज्ञेची किंमत उतरते. वर, गोडाधोडाने कॅपुचिनला मधुमेह होतो, म्हणून खाण्याचा हिशेब दिवसाच्या एकूण आहारातून वजा करावा लागतो. त्यांना आपल्यासारखंच क जीवनसत्त्व बाहेरून लागतं आणि ड जीवनसत्त्वही डी३ याच रूपात लागतं. ते कमी पडलं की हाडं मऊ पडून वाकतात. केळं-शेंगदाण्यावर माकड पोसता येतं असं समजणाऱ्याने त्याला हात लावू नये.

बाटलीचं काम बघायला एक वाटतं, शिकवताना ती आठ-दहा कामांची साखळी असते: फ्रिजपर्यंत जाणं, दार ओढणं, नेमकी बाटली उचलणं, दार बंद करणं, बाटली न सांडता आणणं, स्टँडमध्ये उभी ठेवणं, झाकण फिरवणं, झाकण बाजूला ठेवणं, स्ट्रॉ खोचणं, तिचं टोक माणसाच्या ओठांकडे वळवणं. अशी साखळी बरेचदा उलट्या टोकाने शिकवतात. आधी शेवटची पायरी, म्हणजे स्ट्रॉ खोचायची आणि बक्षीस घ्यायचं. ती पक्की झाली की तिच्या आधीची जोडायची. त्यामुळे माकड नेहमी अनोळखी कामाकडून ओळखीच्या कामाकडे आणि बक्षिसाकडे जातं. साखळी मधेच तुटली तर रागावून चालत नाही. जिथे तुटली त्याच्या एक पायरी पुढे जाऊन पुन्हा मागे यावं लागतं. एवढी चिकाटी पगारापोटी येत नाही. या शिक्षकांवर क्रौर्याचा सरसकट शिक्का मारणाऱ्यांनी एकदा एखाद्या पोपटालासुद्धा तीन पायऱ्यांचं काम शिकवून पाहावं.

मात्र बचाव करणाऱ्यांनी एक गोष्ट लपवू नये. सुरुवातीच्या वर्षांत माकड ऐकेनासं झालं तर विजेचा सौम्य झटका देणारं उपकरण वापरलं जाई, आणि चावा धोकादायक ठरू नये म्हणून दात काढले जात. झटका पुढे सोडून देण्यात आला. दातांचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. ज्या प्राण्याला सुरक्षित करण्यासाठी त्याचे दात उपटावे लागतात, त्याच्या शिक्षणाने तो सुरक्षित झालेला नसतो. ही कबुली त्या शस्त्रक्रियेतच आहे. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेनेही प्राण्यांचं हित, गंभीर इजा आणि रोगांची देवाणघेवाण या कारणांवरून माकडांच्या अशा वापराला पाठिंबा दिलेला नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद. ते म्हणतात, प्रत्येक नव्या सहायक प्राण्याला आधी हाकललंच गेलं. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या जर्मन सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. १९२९ मध्ये अमेरिकेत 'द सीइंग आय' सुरू झाली, आणि तिथून निघालेल्या अंध माणसांना कुत्र्यासह हॉटेलात, रेल्वेच्या डब्यात शिरू दिलं जात नव्हतं. आज त्या नकाराची लाज वाटते. मग माकडाचा नकार हाही तसाच पूर्वग्रह कशावरून नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर किळस किंवा भीती असू शकत नाही.

उत्तर प्राण्याच्या इतिहासात आहे. कुत्रा निदान पंधरा हजार वर्षं माणसाच्या उष्ट्यावर, माणसाच्या मर्जीवर वाढला. जो चावला तो मारला गेला, जो लळा लावून राहिला त्याची पिल्लं जगली. तरीही वाटाड्या होण्यासाठी निवडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्मे शिक्षणातून बाद होतात. कॅपुचिनच्या मागे अशी एक पिढीसुद्धा नाही. माणसाच्या घरात वाढलेलं माकड म्हणजे माणसाळलेलं जंगली जनावर. त्याचं माणसाळणं त्याच्या पिल्लात उतरत नाही. हत्तीचंही तसंच, आणि माहुतांच्या मृत्यूंच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोच.

स्किनर यांचेच दोन विद्यार्थी, केलर आणि मेरियन ब्रेलँड, यांनी प्राण्यांना खेळ शिकवण्याचा व्यवसाय उभारला आणि १९६१ मध्ये त्यातल्या अपयशांवर एक लेख लिहिला. त्यांनी रकून या अमेरिकेतल्या लहान रानटी प्राण्याला नाणी उचलून डब्यात टाकायला शिकवलं. एका नाण्यापर्यंत जमलं. दोन नाणी दिली की रकून ती डब्यात टाकेना; हातात धरून एकमेकांवर घासत बसे, डब्यात बुडवून पुन्हा बाहेर काढी, जशी तो रानात पाण्यातली शिकार चोळतो तशी. बक्षीस बुडत होतं तरी घासणं वाढतच गेलं. डुकरांना लाकडी नाणी आणून टाकायला शिकवलं, तर काही आठवड्यांनी ती नाणी वाटेतच नाकाडाने उकरू लागली. शिकवलेलं वर्तन हळूहळू त्या जातीच्या मूळ वर्तनाकडे घसरतं, बक्षीस असूनही. शिकवणाऱ्याचा हलगर्जीपणा हे त्याचं कारण नव्हतं. विलर्डबाईंच्या प्रयोगाच्या अठरा वर्षं आधी हा लेख छापून आला होता, आणि माझ्या मते प्रकल्पाचं पहिलं पाऊल तिथेच चुकलं: 'हे शिकवता येईल का' एवढंच विचारलं गेलं, 'हे शिकलेलं तीस वर्षं टिकेल का' हे विचारलं गेलं नाही.

कॅपुचिनचं मूळ वर्तन काय आहे? ते हातापायांवर लघवी घेऊन चोळतं. ही त्याची नेहमीची सवय आहे आणि कुठलंही शिक्षण ती पुसत नाही. ते दहा-वीस जणांच्या टोळीत राहतं आणि टोळीत आपला क्रम कुठे हे सतत तपासतं. वयात आलं, मादी चार-पाच वर्षांची किंवा नर सातेक वर्षांचा झाला, की ही तपासणी धारदार होते. घरात आलेला पाहुणा, लहान मूल, नवी मदतनीस बाई, सगळे त्याच्या नजरेत टोळीतले उमेदवार. सगळ्यांत वरचा क्रम ज्याचा असायला हवा तो मालक मात्र हात उचलू शकत नाही, मागे सरकू शकत नाही, दार बंद करू शकत नाही. हे माणसाच्या वाट्याला आलेलं संकट माकडाला कसं समजावणार?

इथे एक वैद्यकीय गोष्ट आहे, जी मी या वादात कुणाच्या तोंडून ऐकत नाही. मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला पायाला झालेली जखम कळत नाही. तळव्यावरचा ओरखडा दोन दिवस मोज्यात राहिला की बेडसोरसारखा चिघळतो. पण त्याहून वाईट म्हणजे, छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर खाली कुठेही होणारी वेदना, मेंदूला न कळताही, रक्तदाब एकदम चढवते. डोकं फुटायला येतं, मानेवर घाम फुटतो, चेहरा लाल होतो, नाडी मंदावते, आणि कारण वेळेत सापडलं नाही तर पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी आधी माणसाला ताठ बसवायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कुठे मुडपला आहे का ते बघायचं, मग अंगावर जखम शोधायची. हे सगळं करायला दुसरा माणूस लागतो. माकडाचा एक चावा ज्या शरीरात इतकी उलथापालथ करू शकतो, त्याच शरीराजवळ ते दिवसाचे कित्येक तास एकटं असावं ही योजना होती. कॅथेटर, मूत्रमार्गाचे वारंवार होणारे संसर्ग, आणि लघवीने हात धुणारा प्राणी हे एकत्र येतात तेव्हा काय होईल याचं उत्तर शोधायला प्रयोग लागत नाही.

या वादात जॅक नावाच्या बबूनचा, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या माकडाचा, दाखला हमखास येतो, म्हणून त्याच्याकडेही बघू. दक्षिण आफ्रिकेत उटेनहेग स्टेशनवर जेम्स वाइड नावाचा रेल्वे कामगार होता. अपघातात दोन्ही पाय गेलेले. १८८० च्या दशकात त्याने एक बबून पाळला, आधी ट्रॉली ढकलायला, मग सिग्नलचे खटके ओढायला शिकवलं. इंजिनाच्या शिट्ट्या मोजून जॅक बरोबर खटका ओढी. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी परीक्षा घेतली आणि त्याला चक्क कामावर ठेवलं: दिवसाला वीस सेंट आणि आठवड्याला अर्धी बाटली बिअर. सुमारे नऊ वर्षं त्याने चूक केली नाही असं सांगतात. १८९० मध्ये तो क्षयाने मेला. कवटी ग्रॅहमस्टाउनच्या (आताच्या मखांडाच्या) अल्बनी संग्रहालयात आहे.

या गोष्टीतून लोक माकडाची हुशारी काढतात. मला त्यात वेगळं दिसतं. वाइडचं काम उघड्यावर, ठरलेल्या चार-सहा खटक्यांचं होतं. पाय गेले तरी त्याचे हात, आवाज आणि जरब शाबूत होती. मानेखाली लुळ्या माणसाशी त्याची तुलना होत नाही. आणि जॅक गेला तो कशाने? क्षय माकडाला बहुधा माणसाकडूनच लागतो. रोग दोन्ही दिशांनी जातात. भारतात जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आहेत; आपल्याकडे असा उपक्रम कुणी काढलाच तर पहिला बळी माकडाचा जाईल. आपलं लाल तोंडाचं माकड घ्यावं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक: ते ज्या मकाक गटातलं आहे, त्या गटातल्या आशियाई जातींत हर्पिस बी नावाचा विषाणू असतो. माकडाला त्याने फारसं काही होत नाही, माणसाला मेंदूज्वर होऊन मरण येऊ शकतं. कॅपुचिनसारख्या अमेरिका खंडातल्या माकडांत तो निसर्गतः नसतो.

मग पैशाचा हिशेब. एका माकडाला वाढवून, शिकवून घरी पोचवायला सुमारे चाळीस हजार डॉलर लागत. लाभार्थ्याकडून ते घेतले जात नसत, देणगीतून येत. चाळीस वर्षांत अशा जोड्या शंभर-दोनशेच्या घरात राहिल्या. अमेरिकेत मज्जारज्जूच्या इजेची नवी प्रकरणं दर वर्षी सतरा-अठरा हजार असतात. मोजक्या घरांना मिळालेलं सुख खोटं नव्हतं, हे मी मानतो. रात्री दोन वाजता हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरून लोंबकळला आणि कुणी तो उचलून परत ठेवला, यात काय मोल आहे हे ज्याचा हात कधी लोंबकळला नाही त्याने ठरवू नये. नाक खाजतंय आणि खाजवता येत नाही, चष्मा नाकावरून उतरलाय, पुस्तकाचं पान उलटायचंय, मोबाइल मांडीवरून पडलाय. माकडांना शिकवलेल्या कामांची यादी बघितली तर सगळी अशीच आहे. त्यातलं एकही काम अवघड नाही, आणि तरी त्या प्रत्येकासाठी दुसऱ्या माणसाला हाक मारावी लागणं हे माणसाला आतून पोखरतं. 'हाक न मारता' हे त्या शिक्षकांनी नेमकं पकडलं होतं. पण दर वर्षी हजारोंना लागणारी गोष्ट दशकाला पन्नासांना देणारी व्यवस्था ही देणगी असते, धोरण नसतं. आणि तिच्या कौतुकात धोरणाची मागणी मागे पडते.

अमेरिकेतल्या बंदीबद्दलचा गैरसमजही दूर करायला हवा. न्याय खात्याने अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखालचे नियम २०१० मध्ये सुधारले आणि मार्च २०११ पासून 'सहायक प्राणी' म्हणजे कुत्रा अशी व्याख्या केली. छोट्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद ठेवली. याचा अर्थ दुकान, दवाखाना, कार्यालय अशा सार्वजनिक जागी माकड नेण्याचा हक्क गेला. विमानांसाठी तसाच नियम डिसेंबर २०२० मध्ये झाला. घरात ठेवण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. उलट जानेवारी २०२० मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याने घरमालकांसाठी काढलेल्या सूचनेत नेमका कॅपुचिनचाच नमुना दिला होता, फ्रिजमधून बाटली आणून झाकण काढून स्ट्रॉ घालणाऱ्या. म्हणजे एकाच देशात एक खातं दाराबाहेर नाही म्हणत होतं आणि दुसरं दाराआत हो म्हणत होतं. काम थांबलं ते संस्थेच्याच निर्णयाने. नाव बदलून 'एन्व्हिजनिंग ॲक्सेस' झालेली ही संस्था आता तंत्रज्ञानाच्या मदतीकडे वळली आहे. चाळीस वर्षं जे जपलं ते स्वतःहून खाली ठेवायला मोठं मन लागतं, आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी देताना दिसत नाही. निवृत्त माकडांचा सांभाळ मात्र संपत नाही. माणसांत वाढलेलं कॅपुचिन जंगलात जगत नाही, अनोळखी टोळी त्याच्यावर तुटून पडते. पुढची वीस वर्षं त्याचं खाणं, दवापाणी आणि सोबत कुणाला तरी बघावीच लागते.

स्किनर यांच्याच आयुष्यातला एक प्रसंग इथे लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी कबुतरांना पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारायला शिकवलं होतं, बॉम्बला दिशा देण्यासाठी. कबुतरं काम चोख करत. १९४४ मध्ये लष्कराने प्रकल्प बंद केला, आणि पुढे ते काम इलेक्ट्रॉनिक्सने केलं. सहायक माकडांचंही तेच होईल असं आता म्हणतात. आवाजावर चालणारे दिवे आणि पंखे आले, डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे संगणक आले, कॅनडाच्या किनोव्हा कंपनीचा व्हीलचेअरला जोडायचा यांत्रिक हात आला. पण त्या हाताची किंमत हजारो डॉलरांत जाते, आणि बॅटरी उतरली की तो लाकडाचा ओंडका. यंत्र येतंय म्हणून निश्चिंत होणं हे माकड आहे म्हणून निश्चिंत होण्यासारखंच आहे.

खरा पर्याय त्याच देशात, माकडांच्याही आधी, अपंग माणसांनी स्वतः मांडला होता. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ काहीच हलत नव्हतं, रात्री लोखंडी फुफ्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्रात, झोपत. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आले आणि १९७२ मध्ये त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभारलं. त्यांची मागणी सरळ होती: मदतनिसाचे पैसे सरकारने द्यावेत, पण मदतनीस निवडणं, शिकवणं, कामावरून काढणं हे अपंग माणसाच्या हाती असावं. दया करणारा माणूस नको, पगारी माणूस हवा, कारण पगारी माणसाला हक्काने सांगता येतं.

आपल्याकडे कॅपुचिनचा प्रश्न नाही. माकडांना, अस्वलांना खेळासाठी शिकवण्यावर आणि त्यांचे खेळ करण्यावर केंद्र सरकारने १९९८ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती उचलून धरली, आणि ती योग्यच होती. पण त्या बंदीने माकडवाल्यांची आणि दरवेश्यांची रोजीरोटी गेली तेव्हा काय झालं? अस्वलवाल्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून देण्याचे प्रयत्न संस्थांनी केले आणि २००९ च्या अखेरीस नाचणारं शेवटचं अस्वल सोडवलं गेलं. माकडवाल्यांच्या मागे तसं कुणी फारसं उभं राहिलं नाही. प्राणी सोडवणं सोपं असतं, त्याच्या जागी माणसाला काय देणार हे ठरवणं कठीण असतं, आणि आपण सोपं ते करून थांबतो. सहायक माकडांच्या वादातही नेमकं हेच चाललं आहे.

कोकणात नारळावरून, पोफळीवरून, आंब्याच्या झाडावरून पडून, शहरात दुचाकीवरून आणि बांधकामावर घमेली वाहताना पडून मान मोडलेली माणसं आपल्या घरांत आहेत. त्यांना माकडाची गरज का भासली नाही? कारण त्यांचे उसने हात घरातच आहेत: आई, बायको, सून, शाळा सोडलेली बहीण. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला उठणारी ती, कॅथेटर बदलायला शिकलेली ती. मुक्या जिवाच्या वेठबिगारीवर तावातावाने लिहिणाऱ्यांनी या बाईच्या बिनपगारी, बिनसुट्टीच्या कामावर एक ओळ लिहिलेली मला दिसली नाही. ज्याला परवडतं तो ब्युरोतून मावशी किंवा मामा आणतो. बारा तासांच्या पाळीचे दर बघितले, की चोवीस तासांची मदत कुठल्या घराला परवडेल हे सांगायला नको.

कायद्यात जागा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे. कलम ३८ मध्ये अशा व्यक्तीने अर्ज केला की मूल्यांकन मंडळाने तिची गरज ठरवायची असं म्हटलं आहे. संजय गांधी निराधार योजनेचं मासिक अनुदान त्या व्यक्तीच्या नावाने येतं. मदतनिसाच्या तासांचा त्यात हिशेब नाही. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्याला महिना ६०० रुपये देतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती सेवा करणाऱ्याच्या नावाने जाते, म्हणजे ते काम आहे हे सरकारने मान्य केलं. महाराष्ट्रात आधी एवढं तरी मान्य व्हायला हवं.

स्वस्तातल्या साधनांचंही तसंच. उशाशी क्लँपने बसवलेली लांब नळीची पाण्याची पिशवी, तोंडात धरून मोबाइल चालवायची काठी, तळहाताला बांधून त्यात चमचा खोचायचा पट्टा, हनुवटीने दाबता येईल अशी बेल, आवाजावर बंद-चालू होणारा प्लग. बाटली, पान, दिवा, हाक ही माकडाच्या यादीतली चार कामं यातच सुटतात, आणि सगळं मिळून एका साध्या मोबाइलच्या किमतीत बसतं. रुग्णालयातून घरी सोडताना ही साधनं हातात द्यायला, आणि ती वापरायला शिकवायला, कुठलीही मोठी योजना लागत नाही. लागतो एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि दोन तास. नाक खाजवणं, घसरलेला हात उचलणं, कूस बदलणं एवढ्यासाठी माणूसच लागतो. म्हणून मूल्यांकन मंडळ घरी येईल तेव्हा 'किती टक्के अपंगत्व' एवढं लिहून त्याने परत जाऊ नये. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात त्या माणसाला किती वेळा हात लागतो, कोण लावतं, आणि ती व्यक्ती शेवटची सलग सहा तास कधी झोपली, हे त्याने अर्जावर नोंदवावं, आणि भत्त्याचे तास त्यावरून ठरवावेत.